ज्यानं उडवली त्यानं धुवायची

आमच्या गावातल्या बंदुका चकचकीत राहिल्या त्या पेर्सिदा काकूच्या धाकामुळे. रविवारी रानडुकरांच्या मागे डोंगर तुडवून आम्ही आठ-दहा जण खाली उतरलो, की घरी जायच्या आधी तिच्या अंगणात हजेरी लावायची. चुलीवर दोन मोठ्या किटल्या खळखळत असायच्या. राकियाची, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या दारूची, बाटलीही बाहेर यायची, पण बंदूक धुऊन झाल्यावर.

आमची काडतुसं जुनी. सत्तर वर्षांपूर्वी लष्करासाठी बनलेली, मेणकागदात बांधून कोठारात पडलेली आणि शेवटी स्वस्तात आमच्या गळ्यात आलेली. उडतात झकास, पण प्रत्येक बारामागे नळीत मीठ सोडून जातात. ते डोळ्यांना दिसत नाही. मोरावा नदीवरून धुकं वर आलं की ते मीठ ओल पितं आणि दोन दिवसांत नळीला गंज धरतो. तेलानं मीठ जात नाही, पाण्यातच विरघळतं. पाणी उकळतं असलं तर नळीही तापते आणि आपली आपण वाळते. मग कोरडं फडकं, मग तेल. इतकं साधं काम, पण आम्हा पुरुषांना साधं काही पटत नाही. माझ्या मेहुण्यानं एकदा नळीत राकिया ओतली.

"दारूनं सगळं आतून साफ होतं म्हणतोस ना," काकू त्याला म्हणाली, "तर मग तुझ्यासारखा स्वच्छ माणूस गावात दुसरा नसेल. बंदूक मात्र गेली तुझी."

काकूनं कुणाचीही बंदूक स्वतः कधी धुतली नाही. तिचा नवरा वुकोमान सैन्यात शस्त्रागारावर होता. ज्यानं उडवली त्यानं धुवायची, हा त्याचा नियम. तो गेला तरी नियम राहिला. आम्ही नळीच्या मागचा बोल्ट काढायचा, नळीत नरसाळं लावायचं, किटली ओतायची; काकू तिपाईवर बसून बघणार. शेवटी गजाला पांढरं फडकं लावून ते आरपार काढायचं आणि तिच्या हातात द्यायचं. पांढरं आलं तर घरी जा. मळकं आलं तर पुन्हा किटली.

वुकोमानची स्वतःची बंदूक मात्र अकरा वर्षांत कुणी पाहिली नव्हती. ती शेवटची उडाली काकूच्या एकुलत्या एका मुलाच्या, ल्युबिशाच्या लग्नात. आमच्याकडे नवरीच्या अंगणात उंच काठीला सफरचंद बांधतात. वरपक्षानं ते गोळीनं पाडल्याशिवाय नवरी उंबरा ओलांडत नाही. ल्युबिशानं तिसऱ्या गोळीला पाडलं आणि त्याच संध्याकाळी बायकोला घेऊन तो ऑस्ट्रियाच्या बसमध्ये चढला, कारण सोमवारी सकाळी लिंझमध्ये कामावर हजर व्हायचं होतं. नाताळला येतो म्हणाला होता. आधी रजा मिळाली नाही, मग मूल झालं, मग दुसरं झालं, मग तिथं घर घेतलं. पुढं पुढं कारण सांगणंही बंद झालं. दर रविवारी दुपारी बाराला फोन मात्र चुकला नाही.

त्या बंदुकीची गोळी सरळ जाते असा तिचा लौकिक, म्हणून लग्नघरचे लोक ती मागायला यायचे. काकू कधी म्हणायची पट्टा तुटलाय, कधी म्हणायची परवान्याचं काम चाललंय. आम्ही पाठीमागे तिला चिक्कू म्हणायचो. मीसुद्धा.

या शरदात माझ्या नेनादचं लग्न ठरलं आणि एका रविवारी मी तिच्याकडे गेलो. तिनं चमचाभर मुरंबा आणि पेलाभर पाणी पुढं ठेवलं आणि पट्ट्याचं रडगाणं सुरू केलं. माझं डोकं फिरलं.

"वर जाताना बरोबर नेणार आहेस का ती, काकू?"

बोललो आणि जीभ चावली. काकू आत गेली, घोंगडीत गुंडाळलेली बंदूक घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

बोल्ट हलेना. लाकडी हातोडीनं ठोकून कसाबसा काढला आणि नळी खिडकीकडे धरली. आत तांबूस, केसाळ गंज माजला होता.

"हे कुणी केलं?"

"कुणी काही केलं नाही, बोश्को. म्हणून तर झालं." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. "ल्युबिशाला बसची घाई होती. कोपऱ्यात ठेवताना म्हणाला, आई, हात लावू नकोस, मी उडवली, मीच येऊन धुईन."

"अगं, पण तुला माहीत नव्हतं का काय होईल ते? गावाला शिकवतेस तू."

"मी धुतली असती तर तो कशाला आला असता?" ती एप्रनच्या टोकाशी चाळा करत होती. "आला की भांडणार होते त्याच्याशी. बघ काय करून ठेवलंस, म्हणणार होते. मग अंगणात बसवून धुऊन घेणार होते आणि जेवायला वाढणार होते."

मी उठून किटलीला हात घातला, तर तिनं माझं मनगट धरलं.

"तू नाही उडवलीस."

तेवढ्यात फोन वाजला. बारा झाले होते. काकूला कमी ऐकू येतं, त्यामुळे फोनचा आवाज खोलीभर होतो.

"कशी आहेस, आई?"

"बरी आहे. बोश्को आलाय. नेनादचं लग्न ठरलंय, बंदूक मागतोय."

ल्युबिशा म्हणाला, "आई, ती मी तशीच टाकून गेलो होतो ना? धुवायची राहिली होती."

मी काकूकडे बघत होतो. सांग, म्हणत होतो मनात. सडली म्हणून सांग, लाजेनं तरी येईल. काकू त्या गंजलेल्या नळीकडे बघत होती.

"नाही रे," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी धुतली मी. तुझी बस फाट्यावर पोचली नसेल, तोवर तेल लावून झालं होतं."

"खरंच?"

"चकाकतेय नुसती."

त्यानं सोडलेला श्वास आम्हा दोघांना ऐकू आला. "बरं झालं, आई. इतकी वर्षं तेवढंच डोक्यात होतं. गावाकडं माझं काहीतरी राहून गेलंय, असं सारखं वाटायचं."

"काही राहिलं नाही," काकू म्हणाली. "पोरं कशी आहेत?"

पोरांच्या शाळेचं बोलणं झालं, तिकडच्या पावसाचं झालं. फोन बंद झाल्यावर मी चिडून विचारलं, "खोटं कशाला बोललीस?"

"अकरा वर्षं ओझं वागवत होता तो. मला काय ठाऊक?" तिनं चुलीवरची किटली उचलली आणि माझ्यापुढं धरली. "घे. ओत."

"मी नाही उडवली, काकू."

"ओत म्हणते ना."

मी बंदूक अंगणात नेली, नरसाळं लावलं आणि ओतायला लागलो. तिसऱ्या किटलीलाही पाणी लालच येत होतं. काकू तिपाईवर बसून होती, हातात पांढरं फडकं घेऊन.