सारवलेले मैदान

शेणाच्या ताज्या सारवणावर पहाटेचे दव पडले की त्याला एक वेगळाच वास येतो; नुसत्या मातीचा नव्हे, गवताचाही नव्हे, दोहोंच्या मधला, किंचित आंबूस आणि तरीही स्वच्छ. ऑक्टोबरच्या अखेरीस एका सकाळी हायवे सोडून सडक अर्जुनी तालुक्यातल्या आतल्या रस्त्याला आमची जीप लागली तेव्हा दोन्ही अंगांना हलका, लवकर येणारा धान कापून पडला होता, बांधांवर धुके रेंगाळत होते, आणि गावात शिरताशिरताच हा वास खिडकीतून आत आला. मला वाटले, कुणाकडे तरी कार्य असावे. कार्य होते खरे, पण ते माझ्याच हातून पार पडायचे होते. जिल्ह्यातल्या शालेय मुलींच्या खो-खोचा अंतिम सामना त्या दिवशी त्या गावात होता, आणि मी मुख्य पंच होते.

वीसेक वर्षे मी गळ्यात शिट्टी अडकवून जिल्हाभर फिरते आहे. पोटापाण्यासाठी एका शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते, पण माणूस म्हणून मला जी काही थोडीफार ओळख आहे ती शिट्टीचीच. या वर्षांत दरवर्षी एक वाद न चुकता ऐकला. सामने आटोपले, चहा आला, की कुणीतरी विषय काढायचेच : खासगी शाळांना आणि जिल्हा परिषदेच्या शाळांना एकाच मैदानात उतरवणे हा कुठला न्याय? त्यांच्याकडे प्रशिक्षक, वसतिगृह, मॅट, सकाळचे दूध आणि अंडी. शिवाय खेड्यातली चपळ पोर दिसली की फी माफ करून तिला उचलून न्यायची सोय. यांच्याकडे एक शिक्षक, तोही निम्मा वेळ पोषण आहाराच्या आणि जनगणनेच्या कागदांत. दुसरे कुणी म्हणायचे, मग काय वेगवेगळ्या स्पर्धा घ्यायच्या? गरिबांचा करंडक निराळा आणि श्रीमंतांचा निराळा? मी या वादात कधी पडले नाही. 'शिट्टीला शाळा दिसत नाही,' हे माझे ठरलेले वाक्य होते, आणि ते म्हणताना मला स्वतःचे बरेच कौतुक वाटत असे.

त्या वर्षी अंतिम सामन्यात नेमके हेच दोघे समोरासमोर आले. एकीकडे गोंदियातली एक खासगी निवासी शाळा, दुसरीकडे जंगलाच्या कडेच्या या गावातली जिल्हा परिषदेची शाळा. सामना कुठे घ्यायचा यासाठी मीच चिठ्ठी टाकली आणि ती गावाच्या बाजूने पडली. जिंकणारा संघ विभागीय स्पर्धेसाठी नागपूरला जाणार होता. गावच्या संघाची कर्णधार यामिनी दहावीत होती. गावातली शाळा दहावीपर्यंतच, त्यामुळे पुढच्या वर्षी तिला ना शाळा होती, ना संघ. नागपूरला जायचे तर याच वर्षी, हे तिच्या आईपासून जीपच्या ड्रायव्हरपर्यंत साऱ्यांनी मला अर्ध्या तासात ऐकवले.

मैदान पाहिले आणि मी थबकले. गावाने ते अक्षरशः सारवून काढले होते. धान घरात यायच्या आधी खळे सारवतात तसेच, या खांबापासून त्या खांबापर्यंत, आणि त्यावर पांढऱ्या फक्कीने आखलेल्या रेघा. आदल्या दिवशी घराघरातून एकेक बाई शेणाचे घमेले घेऊन आली होती म्हणे. बाहेरगावचे पाहुणे येणार, शहरातल्या मुली येणार, त्यांच्यापुढे धुळीचे मैदान काय ठेवायचे, या भावनेने. खो-खोचे मैदान सारवत नाहीत, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. गाव मैदानाच्या कडेला दाटीने उभे होते आणि साऱ्यांच्या चपला मागे लिंबाखाली ओळीने काढून ठेवलेल्या होत्या. मुख्याध्यापकही अनवाणीच आत आले. मला ती माझ्या स्वागताची रीत वाटली, आणि मी मनातल्या मनात सुखावले.

खासगी शाळेचे प्रशिक्षक तरुण होते, सभ्य होते. त्यांनी मुलींना गाडीतून उतरूच दिले नाही. स्वतः चार पावले धावून पाहिली आणि माझ्याकडे आले.

"मैडम, इसपे कैसे खेलेंगी? फिसल के किसी का टखना गया तो माँ-बाप को मैं क्या जवाब दूँ?"

त्यांचे खोटे नव्हते. मी स्वतः या खांबापासून त्या खांबापर्यंत चालून पाहिले. दोनदा माझा बूट सरकला. दुसऱ्यांदा तर खांब हाताशी आला म्हणून मुख्य पंचांची अब्रू वाचली. गावातली पोरे खुदकन हसली. नियमांचे पुस्तक मी पिशवीतून काढले, पण त्यात शेणाबद्दल चकार शब्द नव्हता. तेवढ्यात यामिनी पुढे आली. सडपातळ, काळीसावळी, नजरेला नजर देऊन बोलणारी मुलगी.

"म्याडम, त्यायले बूट काढून उतरा म्हना ना. हे जमीन पाय धरते."

"तसे नाही सांगता येत कुणाला," मी म्हणाले.

"काऊन? आमी त बिनाबुटाचेच हावो."

मी हसले. ते हसू मला आज आवडत नाही. बूट काढायला लावणे कुठल्याही नियमात बसत नव्हते आणि मैदान घसरते हे मी माझ्या पायांनी पाहिले होते, निदान मला तसे वाटत होते. एव्हाना शहरच्या संघातली एक मुलगी गाडीतून उतरून मैदानाच्या कडेला आली होती. गावच्या मुलींशी ती दोन शब्द बोलली, त्यावरून ती मूळची याच भागातली असावी. तिने एका पायातला बूट काढला, अंगठा सारवणावर टेकवला, जरा दाबून पाहिला. मग तिच्या सरांनी हाक मारली तशी बूट चढवून ती परत गेली. हे मी पाहिले आणि विसरले.

मी निर्णय दिला. यजमान संघाला सोयीचे आणि पाहुण्यांना धोक्याचे असे मैदान चालणार नाही. सामना तटस्थ मैदानावर व्हावा. गोंदियाच्या क्रीडांगणावर दसऱ्याच्या मेळ्याचे मांडव अजून उठले नव्हते, म्हणून उरली ती खासगी शाळेची बंदिस्त मॅट. मॅट म्हणजे मोजमापाची, मान्यतेची, सपाट. तिच्याबद्दल कुणाची हरकत असू शकते, असे माझ्या डोक्यातही आले नाही. मुख्याध्यापकांनी मान डोलावली. बायकांनी चपला पायांत घातल्या. एक म्हातारी तेवढी माझ्या कानावर पडेल अशा बेताने म्हणाली, "एवढं सारवलं ना बापा, कायले?"

दुसऱ्या दिवशी दुपारी गावच्या मुली एका मालवाहू टेम्पोतून गोंदियाला आल्या. त्या शाळेच्या क्रीडागृहात पाऊल टाकताना त्यांच्यातल्या दोघीतिघी दारातच थांबल्या, कारण फरशी इतकी चकचकीत होती की पाय पुसून यावे की काय असे त्यांना वाटत होते. मॅट त्यांनी आधी पायाच्या तळव्याने, मग हाताने चाचपली. समोरच्या मुलींनी मॅटसाठीचे वेगळे बूट घातले होते. सरावाला दहा मिनिटे दिली, ती दोन्ही संघांना सारखीच दिली. शिट्टी ओठाशी नेणार इतक्यात यामिनी माझ्याजवळ आली. तिच्या गुडघ्यावर रुपयाएवढे कातडे सोलले होते. सरावात सूर मारला होता तिने.

"म्याडम, याच्यावर हरकत घ्याची असन त कोनाले सांगाचं?"

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. रेल्वेच्या तिकिटांची खिडकी कुठे आहे असे विचारावे तसे तिने विचारले होते. मी घड्याळाकडे पाहिले आणि सांगितले की हरकतीची वेळ सामन्याआधी एक तास असते, ती आता उलटून गेली आहे. ती "बरं" म्हणाली आणि आपल्या संघात जाऊन उभी राहिली.

सामना सुरेख झाला, हे मला सांगायलाच हवे. कुणी चुकीचे वागले नाही, मी एकही निर्णय चुकवला नाही, आणि शेवटच्या पाळीच्या शेवटच्या मिनिटाला गावचा संघ एका गड्याने मागे होता. यामिनी पाठलागावर होती, समोरची मुलगी खांबाला वळसा घालत होती, आणि मी त्या खांबापासून तीन हातांवर उभी होते. एरवी डोळे मिटून सूर मारला असता असे अंतर ते. तिने अंग झोकून दिले आणि अगदी शेवटच्या क्षणी गुडघा आखडून घेतला. बोटे टीचभर कमी पडली. वेळ संपली. त्या टीचभर अंतरात कुणी फाऊल केला नव्हता, म्हणून मी शिट्टी वाजवली आणि गुणपत्रिकेवर सही केली. नागपूरला दुसरा संघ गेला.

उपविजेत्यांची प्रमाणपत्रे सही-शिक्क्यासाठी मागे राहिली होती. ती पोस्टाने पाठवता आली असती, पण तीन आठवड्यांनी एका सकाळी मी स्वतःच ती घेऊन गावाला गेले. का गेले, ते मी तेव्हा स्वतःला विचारले नाही. उशिरा येणाऱ्या भारी धानाची कापणी उरकली होती, हवेत तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, कोरडा गोड वास होता, आणि शाळेचे मैदान पाहून मला हसू आले. गावाने त्याच्या अर्ध्या भागाचे खळे करून टाकले होते. एवढे सारवलेच आहे तर वाया का घालवा, असा रोखठोक हिशेब. एका बाजूला धानाची रास होती. दुसऱ्या बाजूला, दोन खांबांच्या मध्ये, सारवण पुन्हा नव्याने केलेले दिसत होते. त्यावर दव होते. यामिनी राशीभोवती झाडत होती.

मी तिच्याकडे जायला निघाले तशी तिने खराटा आडवा धरला.

"चपला काढा म्याडम. खयाले चपला चालत नाई."

मी ओशाळून चपला काढल्या. लिंबाखालची ती चपलांची ओळ मला आठवली. ते स्वागत माझे नव्हतेच. खळ्यावर पायताण नेत नाहीत, एवढीच ती साधी गोष्ट होती. एकेक पाऊल टाकत मी निघाले, घसरेन या भीतीने अंग आवळून. पण काही झाले नाही. गार, घट्ट, किंचित खरखरीत अशी ती जमीन तळव्याला बिलगत होती. मी जरा भरभर चालले, मग खांबाशी जाऊन, आजूबाजूला कुणी पाहत नाही असे वाटून, अंगावर साडी असताना, एक गिरकी घेतली. पाय तसूभर हलला नाही. दव तसेच होते, सारवण तसेच होते. त्या दिवशी हे मैदान मी तपासले ते बुटांनी. मला लाज वाटली, आणि ती लपवायला तिथे खांबाशिवाय काही नव्हते.

यामिनीने मात्र पाहिले होते. खराट्यावर दोन्ही हात टेकून ती उभी होती.

"धरते ना?" तिने विचारले.

मी हो म्हणाले आणि प्रमाणपत्रे तिच्या हाती दिली. ती वाचू लागली, खाली माझी सही होती.