लाकडी बैलांचं आवतन

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बी.कॉम. झाले, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. बाबांनी फर्निचरच्या कारखान्यात लोकांचे पलंग आणि दारं घासून मला शिकवलं. डिग्री हातात आल्यावर मी नोकरी शोधली नाही. महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका गल्लीत खोली भाड्याने घेतली आणि बाबांना म्हटलं, "आता आपले बैल बनवा."

बैल म्हणजे तान्ह्या पोळ्याचे, चाकांवरचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडी बैल सजवून घरोघर फिरवतात आणि खाऊ-पैशांचा बोजारा गोळा करून आणतात. बाबा दर वर्षी मोहल्ल्यातल्या पोरांसाठी उरल्यासुरल्या लाकडाचे चार-दोन बैल करायचे. त्यांचा एकही बैल दुसऱ्यासारखा नसायचा. एकाची मान गर्वाने ताठ, एक रुसलेला, एक शेजाऱ्यांच्या भानगडी ऐकायला कान टवकारून उभा. मला वाटलं, हे विकलं जाईल. जातही होतं.

रंगाआधी बैलांना जवसाचं तेल चोळावं लागतं, नाहीतर लाकूड सगळा रंग पिऊन टाकतं. काम कंटाळवाणं. पण गावाकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खऱ्या बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात आणि त्यांना जेवणाचं आवतन, म्हणजे आमंत्रण, देतात. बाबांनी ते इथे आणलं. तेलाची चिंधी घेऊन ते एकेका बैलासमोर उकिडवे बसायचे, कपाळाला तेल लावायचे आणि हात जोडून म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या रंगायले या."

पावसाळ्यात तेल वाळायला पाच दिवस लागत. रंगकाम करणारी आमची शेजारची काकू म्हणायची, "आवतन उद्याचं अन् पाहुणे आठवड्यानं!"

बाबा चेहऱ्यावरची रेष न हलवता म्हणत, "पाहुणे कधी टायमावर येतेत काय वं?"

तिसऱ्या वर्षी विक्री मंदावली. मी बाबांना न विचारता त्यांचा आवतन देतानाचा व्हिडिओ काढला, मागे हसण्याचा आवाज जोडला, वर लिहिलं 'बैलांशी बोलणारे बाबा', आणि इंटरनेटवर टाकला. पुण्या-मुंबईहून ऑर्डरचे फोन येऊ लागले. खाली कुणीतरी लिहिलं होतं, काकांचा स्क्रू ढिला आहे. ते मी वाचलं. वाचून पुढच्या फोनवरच्या माणसाचा पत्ता लिहून घेतला.

बाबांना कळलं ते चहाच्या टपरीवर. कोणीतरी हात जोडून त्यांना म्हणालं, "आमाले आवतन नाही काय गा? का फक्त बैलाईलेच?" टपरीवर हशा झाला. बाबा चहा अर्धा ठेवून परत आले. चिंधी घेतली आणि चाळीस बैलांना तेल लावलं, मुक्याने.

"बुढ्याले झालं काय वं?" काकूने विचारलं. मी तिला व्हिडिओ दाखवला. तिने तो शेवटपर्यंत पाहिला आणि फोन माझ्याकडे सरकवला. "तुह्या बापाले लोक हसून राहिले, अन् तू पत्ते लिहून राहिली?"

त्याच दिवशी मी व्हिडिओ काढून टाकला. बाबांना तसं सांगितलं.

"फोनातून काढला," ते म्हणाले, "लोकाईच्या डोक्यातून बी काढला काय?" मग म्हणाले, "मी येडा नाही. मलेही समजते ते लाकूड हाये म्हणून. हसायचंच होतं तं माह्यासंगं हसली असती."

पुढच्या पंधरा दिवसांत जे बैल तयार झाले ते सगळे सारखे होते. मान सरळ, कान सरळ. कुठे चूक नव्हती. एक बैल दुसऱ्याच्या जागी ठेवला असता तर कळलं नसतं. गिऱ्हाइकं तेही घेऊन जात होती. पण मला दिसत होतं की बाबा आता कारखान्यात करायचे तसंच काम करताहेत. त्यातून त्यांना बाहेर काढायला मी ही खोली घेतली होती, आणि परत आत ढकलणारीही मीच.

पोळ्याआधीची शेवटची खेप होती. बाबा बाहेर गेले होते. मी चिंधी तेलात बुडवली आणि पहिल्या बैलासमोर बसले. काकू ब्रश थांबवून बघत होती. माझे कान तापले. "आज आवतन घ्या," मी म्हटलं, "उद्या रंगायला या." आवाज वर्गात धडा वाचल्यासारखा निघाला. काकू तोंडाला पदर लावून हसली. दुसरा बैल, तिसरा बैल. मान वर केली तेव्हा बाबा दारात उभे होते. किती वेळ ते माहीत नाही. उठून पळावंसं वाटलं. बघणाऱ्यासमोर हे करणं काय असतं ते तेव्हा अंगाला कळलं. मी उठले नाही. सातव्या बैलाला तेल लावू लागले.

"शेपटीकडून काहून सुरू केलं वं?" बाबा म्हणाले. "पाहुण्याले कोणी मागून आवतन देते काय?"

मी बैल फिरवला आणि कपाळापासून सुरुवात केली. ते आत आले आणि आपल्या जागेवर जाऊन बसले. चिंधी त्यांनी हातात घेतली नाही. आजही घेत नाहीत. आवतन आता मीच देते, दार लोटून.

पण दोन दिवसांनी त्यांनी पटाशीने नुकताच कोरलेला एक बैल माझ्यासमोर ठेवला. त्याची मान पार मागे वळलेली होती, स्वतःच्या शेपटीकडे. डोळे न कोरताही तो गोंधळलेला दिसत होता.

पोळ्याच्या दिवशी एक बाई नातवासाठी बैल घ्यायला आली. तिने नेमका तोच उचलला. "हा मागं काय पाहून राहिला?"

मी बाबांकडे बघितलं. ते लाकडावरून मान वर न करता म्हणाले, "आवतन कोणं देल्लं ते पाहून राहिला, बाई. पोरगी शिकेल हाये आमची, मागूनच देते."

बाईला काही कळलं नाही. काकूचा मात्र हसून हसून ब्रश हातातून पडला.