निवडुंगाकडची वाट

पिंपळनेरचं आमचं घर गावात नव्हतं. यजमान रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर होते आणि त्यांना मिळालेली सरकारी क्वार्टर सडकेला लागून, गावापासून दोन शेतं अलीकडे होती. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे विहीर आणि विहिरीपासून लांब, अगदी कोपऱ्यात खड्ड्याचा संडास. तो यजमानांनी स्वतः उभं राहून खणून घेतला होता, वर पत्रे घातले होते, आणि कामावरच्या लोकांना ते तो कौतुकाने दाखवत. आजूबाजूला तसा दुसरा नव्हता.

आम्ही दोघंही सातारकडची. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. मुलगी पाच वर्षांची, मुलगा तिच्याहून दोन वर्षांनी लहान. सामान उतरवलं त्याच दिवशी यजमान म्हणाले, "दिवाळीपर्यंत बघू. तुला इथे करमलं नाही तर तुम्हाला तिघांना सातारला पोचवतो. मी हाताने करून खाईन."

त्यांना हाताने करून खाता येत नव्हतं. भात लावला तर करपत असे. पण बोलणं खरं होतं आणि निर्णय माझ्यावर सोपवलेला होता. दिवाळीला माझं मत द्यायचं, एवढंच काम.

पावसाचे महिने घरातच गेले. यजमान सकाळी सायकलवर जात ते अंधार पडायच्या सुमारास येत. दिवसभरात सडकेने बैलगाड्या जात, एस.टी. जाई, डोंगराकडची माणसं लाकडाच्या मोळ्या घेऊन बाजाराला जात. आमच्या फाटकाशी कुणी थांबत नसे. मी दुपारी ओट्यावर बसून तांदूळ निवडायची, तांदूळ संपले की डाळ. मुलगी बाहुलीशी बोलायची ती आवाज न काढता, नुसते ओठ हलवून. ते पाहिलं त्या दिवशी मी ठरवलं की आता या दोघांना रोज बाहेर काढायचं. घरात कोंडून ठेवलेली मुलं निम्मी आजारीच असतात.

गणपतीनंतर वाटा वाळल्या. यजमानांना मी सांगितलं, तासभर लवकर या, आपण सगळे फिरायला जाऊ. ते आले. त्यांना चालायची आवडच होती, आणि मजुरांखेरीज कुणाबरोबर तरी चालायला मिळतंय याचाही आनंद असावा.

वाट मी निवडली. घराच्या मागून एक पायवाट निघून पांझरेच्या पात्राकडे उतरत होती. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच निवडुंग, त्यामुळे वारा लागत नसे आणि मावळतीचं ऊन डोळ्यांवर येत नसे. गाड्या नाहीत, चिखल नाही, सोडलेली गुरं नाहीत. मधे एका तुकड्यात वास येई. तो कसला हे कळत होतं, पण आमच्याकडे बायका पहाटे अंधारात उरकून मोकळ्या होत, तेव्हा संध्याकाळी तिथे कुणाची अडचण होईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. नाकाला पदर लावून आम्ही तेवढा तुकडा झपझप ओलांडत असू. पुढे नदीचं वाळवंट होतं. मुलं तिथे गोटे वेचत, यजमान त्यांना चपटा दगड पाण्यावर कसा उडवायचा ते शिकवत. मुलाला ते कधीच जमलं नाही, पण खांदे दुखेपर्यंत तो फेकायचा आणि घरी येऊन अख्खी भाकरी खायचा.

त्या वाटेवर गावातल्या बायका भेटत. दिवेलागणीच्या आधी त्यांचे घोळके यायचे, पदराखाली तांबे धरलेले. आम्ही दिसलो की त्या निवडुंगाला पाठ लावून उभ्या राहात आणि तोंडं फिरवत. मी पहिल्याच दिवशी "काय बाई, बरं आहे ना?" म्हटलं. कुणी उत्तर दिलं नाही. लांबून त्यांची बोलणी ऐकू यायची, मोठ्याने हसणं यायचं, आणि आमची पावलं वाजली की एकदम शांत.

"आई, त्या आपल्याला बघून गप्प का होतात?" मुलीने विचारलं.

"नवीन माणसं आहोत आपण."

"आपण कधी जुनी होणार?"

यजमान म्हणाले, "रोज दिसलो की होऊ."

मला ते पटलं. माणसं दिसून-दिसून सवयीची होतात. म्हणून आम्ही एकही संध्याकाळ चुकवली नाही, वेळही बदलली नाही. यजमानांना कामावर उशीर झाला तर मी फाटकात उभी राहून वाट बघायची आणि सायकल लावून होते न होते तोच सगळ्यांना घेऊन निघायची. बायका गप्पच राहिल्या. एकदा एका म्हातारीने आमच्याकडे बघून थुंकलं. तंबाखू असेल, असं मी यजमानांना सांगितलं.

मग एके दिवशी वाटेवर बाभळीच्या काट्या आडव्या पडलेल्या. कुणी मुद्दाम रचलेल्या. यजमानांचा जन्म रस्ते मोकळे करण्यात चाललेला, त्यांनी काठीने एकेक फांदी उचलून बाजूला लावली, नीट, एकावर एक, आणि म्हणाले, "वाट आहे, ती चालती राहिली पाहिजे." दुसऱ्या दिवशी काट्या पुन्हा आल्या, जास्त दाट. त्यांनी त्या पुन्हा काढल्या. मुलाच्या चपलेतून काटा आरपार गेला.

त्या रात्री काटा काढताना मी म्हटलं, "दिवाळीची वाट बघायला नको. आम्हाला सातारला सोडा."

ते बराच वेळ कंदिलाची काच पुसत बसले. "बरं," एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं थोडं तरी म्हणतील, राहा. म्हणणार नव्हतेच. शब्द दिलेला होता.

दुसऱ्या दिवशी ते पुलाच्या कामावर अडकले आणि आले नाहीत. मी मुलांना घेऊन तरीही निघाले. जायचंच आहे तर घाबरून कशाला जायचं, असं काहीतरी मनात होतं. काट्या नव्हत्या. निवडुंगाच्या वळणावर पाच-सहा बायका उभ्या होत्या आणि तीच म्हातारी वाटेच्या मधोमध, कमरेवर हात ठेवून. या वेळी कुणी तोंड फिरवलं नाही.

"आज साहेब नही शे का?"

"नाही. कामावर आहेत."

"बरं व्हयनं." तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "बाई, तुमनं काय काम ऱ्हास आठे रोज?"

"काम कसलं? मुलांना घेऊन फिरायला येतो."

"फिराले?" ती मागे वळली. "आयकं का वं, फिराले येतस त्या."

बायका हसल्या. एक तर खालीच बसली.

"आम्हाले वाटे, तुमना घरना संडास पडी गया," एक तरुण बाई म्हणाली.

"पडी गया तरी नवराले संगे लई कोन येस?" दुसरी म्हणाली, आणि पुन्हा हसणं.

म्हातारीने त्यांना हाताने गप्प केलं. "हाई देख, बाई. तुमना संडास घरमा शे. आमना हाऊ शे. साहेब दिसतस की आम्ही उठतस, साहेब गया की बसतस. तुमनं फिरनं व्हस, आमनी उठ-बस व्हस. मन्हा गुडघा गयात."

महिनाभराचा हिशोब एका क्षणात उलटा झाला. त्या आमच्यावर रुसल्या नव्हत्या, आम्ही तिथून जाण्याची वाट पाहात होत्या. तांब्या हातात असलेल्या बाईशी वाटेने जाणारं कुणी बोलत नाही आणि ती त्याच्याशी बोलत नाही, एवढी साधी रीत मला माहीत होती, आमच्याकडेही तीच. मी ती रोज मोडत होते, वर त्यांनाच शिष्ट ठरवत होते.

"उद्यापासून सकाळी येऊ," मी म्हटलं.

"सकायले बी आम्ही येतस."

"मग नाल्याच्या बाजूला जाऊ."

"तठे गडीमाणसे जातस."

"चिंचेकडे?"

"तठे मसणवटा शे." म्हातारीला आता कीव आली असावी. "तुम्ही सडकवरच फिरा ना, अक्का. साहेबनीच तर करेल शे."

नवऱ्याने केलेली सडक नवऱ्याच्या बायकोने वापरावी, हे तिला साहजिक वाटलं. मला अक्का म्हणाली तेही साहजिकपणेच. ती माझ्या आईच्या वयाची होती.

यजमानांना मी सगळं सांगितलं. ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला, आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "म्हणजे त्या काट्या मी..." सातारला सोडायचं मग दिवाळीवरच राहिलं.

तेव्हापासून आम्ही सडकेने डोंगराच्या बाजूला जाऊ लागलो. सडक कंटाळवाणी होती, सरळच्या सरळ, कडेला खडीचे ढीग. पण मुलांना ढीग आवडले. वरपर्यंत चढायचं आणि घसरत खाली यायचं. आश्विनात डोंगराकडच्या बायका टोपलीतून सीताफळं घेऊन येत; मुलगी त्यांच्याबरोबर एका मैलाच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत चालायची आणि काय काय विचारायची. त्यांची भाषा तिला येत नव्हती, तिची त्यांना नाही. तिचं आवाज न काढता बोलणं मात्र बंद झालं.

गावातल्या बायका माझ्या मैत्रिणी झाल्या म्हणाल तर नाही. बाजारात म्हातारी भेटली की मी "गुडघा कसा आहे?" विचारायची, ती "शे तसाच" म्हणायची. संध्याकाळी आम्ही सडकेवरून परतायचो तेव्हा निवडुंगाकडून त्यांची बोलणी ऐकू यायची. दिवसभर शेतात राबून, स्वैपाक-पाणी करून, त्या बायकांना एकत्र बसायला तेवढीच एक वेळ होती, सासू नाही, नवरा नाही, आणि कुणी विचारणारं नाही कुठे चाललीस म्हणून. माझ्या घरी विहीर होती, संडास होता. कुठेही जायला मला कारण नव्हतं. असल्या सोयीबद्दल तक्रार करायची तर कुणाकडे? मी कुणाकडेच केली नाही.

दिवाळी चार दिवसांवर आली तेव्हा यजमानांनी ट्रंक खाली काढून पुसून ठेवली. मी तिच्यात चौघांचे कपडे भरले आणि थांबले.

"भांडी?" त्यांनी विचारलं. सातारला कायमचं जायचं तर भांडी न्यावी लागणार होती.

"भांडी कशाला? आठ दिवसांत परत यायचंय."

त्यांनी मान हलवली आणि सायकलला तेल द्यायला गेले. सायकल सातारला न्यायची नव्हती, तरी बराच वेळ तेल देत होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी एकटीच निवडुंगाच्या वाटेने गेले, तांब्या घेऊन, म्हणजे मला कुणी वेडी म्हणायला नको. म्हातारी बसली होती, मी थोडी लांब बसले. इतर बायकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कुणाच्या तरी नणंदेबद्दल चाललेलं बोलणं पुढे चालू ठेवलं. मला निम्मं कळलं.

उठताना मी म्हातारीला म्हटलं, "उद्या गावी जातो आम्ही. दिवाळीला."

"कवय येशात?"

"आठ दिवसांनी."

"बरं," ती म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठायला लागली. मी हात दिला. तिने तो धरला, उभी राहिली, सोडला आणि बाकीच्यांच्या मागे गावाकडे वळली. मी माझ्या बाजूने घरी आले, ट्रंकेला कुलूप लावलं आणि मुलांना जेवायला वाढलं.