दुसरा बेस

सकाळी फिरून झालं की आम्ही तिघे निवृत्त मित्र मैदानातच बसतो. ते दोघे गवतावर, आणि गुडघ्यांमुळे मी तिथे पडलेल्या एका वाळूच्या गोणीवर. सध्या विषय एकच, क्रिकेटचा लिलाव. आपल्या संघाने एका थकलेल्या बॉलरवर कोट्यवधी उधळले, म्हणून मी रोज तावातावाने बोलतो.

तिथेच शाळेच्या मुली बेसबॉलचा सराव करतात. त्यातली लांब वेणीची एक मुलगी धावत येते आणि माझ्या पाठीमागून मोठा वळसा घेऊन जाते. वेग जराही न मोडता वळणं किती देखणं असतं! आपण मात्र आयुष्यात प्रत्येक वळणावर अडखळलो, असं काहीबाही तिच्याकडे बघताना मनात येई.

आज त्यांच्या बाई जवळ आल्या. "काका, राग मानू नका. ही गोणी म्हणजे आमचा दुसरा बेस आहे. पळतापळता तिच्या आतल्या कोपऱ्यावर पाय देऊन वळायचं असतं."

"अहो, मग आधी सांगायचं ना!"

"मुलीच नको म्हणाल्या. काका रोज तिथे बसतात, त्यांना उठवायचं कसं?"

मी उठलो. गोणीत माझ्या बसण्याचा खळगा पडला होता. संघाने पैसा कुठे घालावा, हे मी इतके दिवस त्या खळग्यात बसून सांगत होतो.

ती मुलगी धावत आली. गोणी मोकळी होती, मी चार हात दूर उभा होतो. तरीही ती लांबूनच वळली.