पदराखालची यमुना

आय गेल्याचा फोन आला तेव्हा मी लसीकरणाच्या खोलीत होते. होळी होऊन थोडेच दिवस झाले होते. बाहेरच्या बाकड्यांवर बायका पोरं घेऊन बसलेल्या, आणि माझ्या हातात एका बाळाची मांडी. मी ठाण्यात नर्स आहे. माझा धाकटा भाऊ काशिनाथ मोखाड्याजवळच्या आमच्या पाड्यावर शेती बघतो. फोनवर तो कधी फार बोलत नाही. "यमुताई, आय गेली," एवढंच म्हणाला. सकाळी झऱ्यावरून पाण्याचा हंडा घेऊन आली, ओट्यावर उतरवला, भिंतीला टेकून बसली, आणि सून चहा घेऊन बाहेर येईपर्यंत... मग तो म्हणाला, "हंडा सांडला नाय. भरलेला हाय तसाच." मी त्या बाळाला सुई दिली, त्याच्या आईला ताप आला तर काय करायचं ते सांगितलं, आणि मगच खुर्चीवर बसले.

जव्हारपर्यंत एसटी, तिथून जीप, पुढे काशिनाथची मोटारसायकल. लोक माझ्यासाठी थांबले होते. आय ओट्यावरच निजवलेली होती. बायका रडत होत्या. मी मात्र तिच्या उशाशी बसून तिचं तोंड बघत राहिले. कपाळावरचं गोंदण, डाव्या भुवईतली खोक, खालच्या ओठाची चीर. चुलती म्हणाली, "पोरी, रड जरा, बरं असतं." मला रडायला सवडच नव्हती. मला ते तोंड पाठ करायचं होतं. माणसाचं तोंड विसरता येतं, अगदी पोटच्या पोराचंसुद्धा, हे मला आयनंच सांगितलं होतं.

मी तिची दुसरी यमुना. माझ्या आधी एक यमुना होऊन गेली हे मला घरात कुणी सांगितलं नाही. आश्रमशाळेत आमच्याच बाजूची एक मुलगी भांडणात म्हणाली, "तुझं नाव तर मेलेल्या पोरीचं हाय." दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मी आयला विचारलं. ती अंगणात नागली पाखडत होती. "माझ्याआधी कोण होती?" तिनं सूप थांबवलं नाही. "होती," म्हणाली. फोलपट उडत राहिलं. मी पुढे काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला लागली. आय मला नेहमी दोनदा हाक मारायची. "यमे," आणि मग जरा थांबून, थोडं खालच्या आवाजात, "यमे." पहिल्या हाकेला मी धावत जायचे आणि दुसरी हाक येईपर्यंत तिच्यासमोर पोचलेली असायचे. तरी ती दुसरी हाक यायचीच... आणि तेव्हा तिची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे कुठंतरी गेलेली असायची. लहान असताना मी कितीदा तरी मागं वळून पाहिलं. मागं मोहाचं झाड असायचं, नाहीतर शेळी, नाहीतर काहीच नसायचं.

माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी वावर गावाकडं, मोखाड्याकडं, आमच्या सगळ्या डोंगरात पोरं गेली. ते साऱ्या राज्याला माहीत आहे. मोठ्या लोकांच्या गाड्या आल्या, पेपरवाले आले, पुढे कितीतरी वर्षं बाहेरचा कुणी भेटला आणि मी गाव सांगितलं की तो मान हलवायचा, "हो, ते कुपोषणवालं ना?" आमच्या घरात मात्र त्यावर एक शब्द निघत नसे. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या पहिल्या पोरीचं नाव घ्यायचं नाही असं ठरवलं होतं. मग तेच नाव मला कसं ठेवलं, हे मला कधी उमगलं नाही. बहुधा आय हटून बसली असावी. ती फार बोलायची नाही, पण हटून बसायची.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ती ठाण्याला आली. दादा त्याच्या आधीच्या हिवाळ्यात वारले होते. ऐन वैशाख, आमच्याकडे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळून राब भाजायचे दिवस, पाण्यासाठी बायकांच्या दिवसभर फेऱ्या. अशा वेळी आय घर सोडून निघणं मला स्वप्नातही खरं वाटलं नसतं. ठाण्याकडचा भाग तिला नवा होता असं नाही. तरुणपणी दादांबरोबर ती भिवंडीकडं वीटभट्टीवर राहिली होती, पण ते थंडीचे महिने. ठाण्याचा मे तिनं पाहिला नव्हता. दुपारी बाराच्या सुमारास मी दवाखान्यातून बाहेर आले तर फाटकाशी, भिंतीच्या वीतभर सावलीत आय उभी. हातात कापडी पिशवी, लुगड्याचा पदर डोक्यावरून पुढं ओढलेला, तोंड तांबडंलाल. आमच्याकडं ऊन असतं, पण ते अंगाला चिकटत नाही. इथलं ऊन तिच्या गळ्याखाली ओघळत होतं.

"आय, तू? कोण आजारी हाय का?"

"कोण नाय. माना पेपर बघायचाय."

"कसला पेपर?"

"जुना," ती म्हणाली आणि तिनं पाणी मागितलं.

संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ लावून फरशीवर बसून तिनं सांगितलं. मी पोळ्या लाटत होते. तिचं बोलणं सुरू झाल्यावर मी गॅस बंद केला. "दवाखान्याच्या पायरीवर बसली होती मी. पोर मांडीवर. एक फोटोवाला आला. म्हणला, बाई, पदर काढ तिच्या तोंडावरचा. ऊन होता. तिला ऊन लागंल म्हणून मी नाय काढला. तो लय वेळ उभा राहिला. मग आतून हाक आली, मी उठली, तवा पदर सरकला का नाय, माना आठवत नाय. मागून बाजारात दुकानदार म्हणला, तुझा फोटो आलाय पेपरात. मी पेपर मागाया गेली तर त्यात कुणाला तरी मीठ बांधून दिलेला." खिडकीतून रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. "पोर त्याच्या आधीच गेली होती. तिचा दुसरा फोटो नाय. आणि आता तिचं तोंड माना आठवत नाय, यमे. आठवाया बसलं का तुझंच तोंड येतं."

मला वाटलं होतं, आयला कधीतरी हे बोलावंसं वाटलं तर मी तिला जवळ घेईन. प्रत्यक्षात मी नुसती उभी राहिले, हाताला पीठ लागलेलं. माझ्याच तोंडानं कुणाचं तरी तोंड पुसून टाकलंय, असं काहीतरी मनात आलं... आणि त्याच्या मागोमाग भीती. फोटोत ती सापडली, तर मग मी कोण राहणार.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. इथल्या एका जुन्या ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली ठेवतात, हे मला परीक्षेच्या दिवसांपासून माहीत होतं. आम्ही दहा वाजताच निघालो तरी रस्ता तापलेला. डांबर चपलेला धरत होतं. रिक्षाच्या सीटचं रेक्झिन पोळत होतं, म्हणून आय पुढं सरकून कडेला बसली. वाटेत मी उसाच्या रसासाठी रिक्षा थांबवली तर ती नको म्हणाली. "आधी तिकडं जाऊ." तिनं स्वच्छ लुगडं नेसलं होतं, केसांना तेल लावलं होतं. कुणाला तरी भेटायला निघाल्यासारखी.

ग्रंथालयातल्या बाईंना मी सगळं सांगितलं नाही. आमच्या गावाच्या बातम्या बघायच्या आहेत, एवढंच म्हटलं. त्यांनी वर्ष विचारलं, ते मला माहीत होतं. महिना आयनं सांगितला, तिच्या पद्धतीनं : "भात निसवत होता." म्हणजे भादव्याच्या आसपास. बाईंनी जाडजूड फायली टेबलावर आणून ठेवल्या. पानं पिवळी पडलेली, कडा उलटताना मोडत होत्या. वर पंखा फिरत होता, पण वारा गरमच. आय माझ्या शेजारी बसली आणि तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. तिला वाचता येत नव्हतं. सुरुवातीला मी मथळे वाचून दाखवत होते. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की ते मथळे मोठ्यानं वाचण्यासारखे नाहीत. मग मी नुसती पानं उलटत गेले आणि ती नुसते फोटो बघत गेली. अंगात नुसती हाडं उरलेली पोरं. खाटेवर पोरं, वजनाच्या झोळीत पोरं. एका फोटोवर तिनं बोट ठेवलं. "हा आपल्या वरच्या पाड्यातला. हा पण गेला." छापलेल्या ओळीत त्याचं नाव नव्हतं.

मग तो फोटो आला. मीच आधी पाहिला. दवाखान्याची पायरी, पायरीवर एक बाई, मांडीवर मूल. मुलाच्या तोंडावर पदर. पदराखालून एक पाय बाहेर आलेला, पोटरीची काडी, घोट्याला काळा दोरा. एवढंच. पदर सरकलेला नव्हता. मी आयकडं बघितलं. मला वाटलं, ती मोडून जाईल; एवढ्या उन्हाची ती ज्यासाठी आली ते तिथं नव्हतंच. पण आय त्या पायाकडं बघतच नव्हती. ती त्या बाईच्या तोंडाकडं बघत होती. खाली वाकून, अगदी कागदाला नाक लागेल इतक्या जवळून. त्या बाईचे गाल बसलेले, डोळे कॅमेऱ्याकडं रोखलेले, पदर मुठीत घट्ट धरलेला. सतरा-अठरा वर्षांची असेल. माझ्याकडं बाळ घेऊन अशा पोरी आल्या तर मी आधी त्यांच्या आईला आत बोलावते.

"ही केवढीशी हाय," आय म्हणाली.

मी फाइल तिच्याकडं जरा सरकवली.

"हिला काय कळत होतं." मग हळूच, "हिला पाणी तरी दिलं का कुणी."

ते तिनं कुणाला विचारलं, माहीत नाही. ती रडली नाही. उलट्या पंजानं तिनं त्या बाईचा गाल पुसल्यासारखं केलं, कागदावर धूळ असावी तसं. मी मोबाईल बाहेर काढला. तिनं माझा हात धरला. "नको काढू. एकदा काढला तेवढा पुरे." बाईंनी फाइल परत नेली तेव्हा आय उठून उभी राहिली, आणि फाइल कपाटात जाईपर्यंत उभीच राहिली.

बाहेर आल्यावर तिनं उसाचा रस प्यायला. दोन पेले. ऊन डोक्यावर आलेलं, रस्त्यावर माणूस नाही, कुत्रीसुद्धा गाड्यांखाली शिरलेली. गुऱ्हाळाच्या ताडपत्रीखाली बाकावर बसून मी तिला विचारलं. आयुष्यभर विचारायचं राहिलं होतं ते.

"आय, तू मला दोनदा हाक का मारतेस?"

"एक तुला, एक तिला."

"मग पहिली कुणाची?"

तिनं जरा विचार केला. "जी वळंल तिची," म्हणाली, आणि थोडंसं हसली. तिनं पेला विसळून गुऱ्हाळवाल्याच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ती परत गेली. राब भाजायचा राहिला होता. त्यानंतर त्या फोटोबद्दल आम्ही कधी बोललो नाही. तिचं काही ओझं उतरलं का, ते मला सांगता येत नाही. हाका ती दोनदाच मारत राहिली. फोनवरसुद्धा. गेल्या संक्रांतीला मी निघताना ओट्यावरून हाक मारली तीही दोनदाच, आणि दुसऱ्या हाकेला मी जीपमधून मागं वळून पाहिलं, तर ती माझ्याकडेच बघत होती.

ती गेली तेव्हापासून पहिल्या यमुनाचं तोंड पाहिलेलं आमच्या घरात कुणी उरलेलं नाही. काशिनाथ माझ्याही नंतरचा. ग्रंथालयाच्या रस्त्यानं मी आठवड्यातून दोनदा तरी जाते. आत गेलेले नाही. ती बाई तिथं पायरीवर बसलेली आहे, पदर मुठीत धरून, हे मला माहीत आहे आणि तेवढं पुरतं. कामावर मात्र अवघड जातं. बायका उन्हातून येतात, बाळाच्या तोंडावर पदर असतो, आणि डोळे-जीभ बघायची म्हणून "पदर काढा" हे मला दिवसातून कितीदा तरी म्हणावं लागतं. इतकी वर्षं म्हणत आले. आता शब्द ओठावर येऊन थांबतात. मग मी स्वतःच उठते, बाळापाशी सावली करते, आणि पदर त्यांचा त्या काढेपर्यंत वाट बघते. मागची रांग वाढते, शिपाई कुरकुरतो...

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी ग्रंथालयातून घरी आलो तेव्हा माझं घर भट्टीसारखं झालं होतं. वरचा मजला, पश्चिमेची खिडकी. आयनं मला पंखा लावू दिला नाही. गरम वारा अंगावर घेऊन काय करायचं, म्हणाली. पिशवीतलं दुसरं लुगडं बादलीत बुडवलं, पिळलं आणि खिडकीच्या गजांना आडवं बांधलं. खोलीत हिरवट अंधार झाला. ओल्या कापडातून वारा आला तो थंड होता, आणि त्याला आमच्या चुलीच्या धुराचा वास होता. त्याच खिडकीखाली, उघड्या फरशीवर, हाताची उशी करून ती झोपली. इतकी गाढ झोपलेली मी तिला कधीच पाहिली नव्हती.

दहाव्यानंतर काशिनाथनं मला विचारलं, आयचं काय हवं. मी ते हिरवं लुगडं मागून घेतलं. आता पुन्हा वैशाख आहे. दुपारी कामावरून आले की मी ते भिजवून खिडकीला बांधते आणि खाली फरशीवर बसते. ओलं असेपर्यंत त्याला धुराचा वास येतो, दर वेळी आदल्या दिवसापेक्षा जरा कमी. खोलीत कुणीतरी झोपलेलं असावं तशी मी हळू चालते, भांडं वाजू देत नाही. उन्हं कलेपर्यंत कापड वाळून कडक होतं आणि वास जातो. मग मी उठते, आणि ते पुन्हा भिजवते.