डोकं तं माहं आहे

मोठीमायला कुजबुज खपत नसे. दारामागे कोणी हळू बोललं की हातातलं काम टाकून ती यायची आणि म्हणायची, "काय ते माह्यासमोर बोल." मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. ऊर्जानगरच्या, वीज केंद्राच्या वसाहतीतल्या, क्वार्टरमध्ये तिचा आवाज अख्ख्या लायनीला ऐकू जाई. एकदा कंपनीची बस एका गरोदर बाईला न घेताच निघाली, तेव्हा ही बसपुढे आडवी उभी राहिली. ड्रायव्हरने हात जोडले, "बाई, बसवतो ना तिले, तुमी सरका आता."

अशा बाईपासून आम्ही तिचाच आजार लपवायला निघालो होतो. छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं. पुढच्या वर्षी सकाळी उठल्या उठल्या तिचं डोकं ठणकू लागलं, ओकाऱ्या होऊ लागल्या, भिंत धरून चालायची पाळी आली. नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्या मुलाला, सुधाकरभाऊला, व्हरांड्यात बोलावलं. मी शेजारीच उभी होते. कॅन्सर मेंदूत पसरलाय, म्हणाले. डोक्याला मशीनचा शेक, म्हणजे रेडिएशन, दिला तर आजार जाणार नाही, त्रास मात्र कमी होईल.

"बरं होत नाई तं कायले? घरीच नेतो," सुधाकरभाऊ म्हणाला. डॉक्टरांनी मान डोलावली. जिचं डोकं फुटत होतं तिला विचारावं, हे एकाच्याही मनात आलं नाही. माझं टाळकंच सणकलं. मी आत गेले आणि तिला सगळं सांगून टाकलं.

ती खाटेवरून उठली. मग भिंत धरत धरत व्हरांड्यात आली.

"डोकं तं माहं आहे ना, डॉक्टर? मरन येनारच आहे. पन ठणकत ठणकत मरू काऊन? द्या तुमचा शेक."

शेक झाला. केस गळाले, अंगात त्राण उरलं नाही, पण ठणका उतरला. उन्हाळाभर ती अंगणात बाजेवर बसून नातीच्या वेण्या घालायची, वरणात मीठ कमी म्हणून सुनेला झापायची. आणि सुधाकरभाऊला तर सोडतच नसे. "मले न विचारता माह्या मरनाचं ठरवतं का रे?"

पावसाळ्यात ती गेली. तिच्या नावाने ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या जेवणात सुधाकरभाऊ पाहुण्यांना सांगत होता, "शेक देल्ला, पन काई उपयोग झाला नाई. गेलीच शेवटी."

मी भाताची परात तिथेच आपटली. "उपयोग झाला नाई? मंग उन्हाळाभर तुह्यासंग भांडत होती, ते कोन होती?"

तो परात उचलून खालमानेने भात वाढू लागला. मला त्याची दया आली नाही. अजूनही येत नाही.