गोळी कुठवर जाते

"किती दूरचं मारायचं हाय?" भंडाऱ्याच्या बंदुकीच्या दुकानदाराने विचारलं. बंदूक माझ्या नावावर व्हायची होती, पण विचारलं त्याने माझ्या जावयाला. जावई नागपूरला औषधांच्या कंपनीत आहे. त्याने आयुष्यात उंदीरसुद्धा मारलेला नाही. तरी तो हनुवटी चोळत म्हणाला, "रेंज चांगली हवी."

गेल्या उन्हाळ्यात आमचे हे गेले. पीक राखायचा परवाना त्यांच्या नावावर होता, म्हणून बंदूक पोलीस ठाण्यात जमा झाली. बारा बोअरची, एकनळी, दस्त्याला तार गुंडाळलेली. निवडणूक आली की ती दरवेळी ठाण्यात जायचीच. हे म्हणायचे, डुकरांना आचारसंहिता कोणी वाचून दाखवत नाही. आता मात्र ती परत आणायची तर परवाना माझ्या नावावर करणं भाग होतं, आणि परवान्याच्या कचेरीत सांगितलं, आधी काय ते ठरवा, जुनीच ठेवता की दुसरी घेता.

दुकानदाराने पर्याय सांगितले. फौजेत आणि पोलिसांत चालते ती गोळी आपल्याला चालत नाही. आपल्यासाठी बारा बोअर किंवा तीनशे पंधराची रायफल. रायफलीला वेगळा अर्ज लागतो, कारण पटवून द्यावं लागतं. बारा बोअरचे छर्रे थोडं जाऊन पडतात, तीनशे पंधराची गोळी मात्र दूर धानाच्या बांधीत उभ्या असलेल्या डुकराला जागच्या जागी आडवं करते. तेही वनखात्याची परवानगी असली तर. चितळाला हात लावायचा नाही, ते धान खाऊन ढेकर देऊन गेलं तरी.

"अन् डुक्कर चुकला तं?" मी विचारलं.

तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं. "मंग गोळी जाते पुढं. लय दूर जाते. मांगं कोनी असते का तुमच्या वावराच्या?"

"आता कोणी नसतं," मी म्हणाले. जावयाने लगेच मान डोलावली. विचार करून सांगते, असं म्हणून मी दुकानाबाहेर पडले. परतीच्या एसटीत कारध्याच्या पुलावर येईपर्यंत माझंच ते "कोणी नसतं" मी मनात उलटसुलट करत होते.

कारण यांनी बारा बोअर घेतली होती ती याच एका गोष्टीवर. तेव्हाही दुसऱ्या कोणीतरी रायफल सुचवली होती. हे म्हणाले होते, "गोळी डुकरात थांबत नाही, निंगून जाते. पलीकडं कोनी ना कोनी असतेच." आणि असायचंच. आमचं आसगावकडचं रान तव्यासारखं सपाट. धान भरायला लागलं की प्रत्येकाच्या वावरात मचान उभं राहायचं. दिवेलागणीला बोडीच्या तळ्याकडच्या मचानावरून कोणीतरी लांब "होऽऽ" अशी हाळी द्यायचा. मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा, अशी हाळी पार नाल्यापर्यंत जायची. डुकरं पळायची की नाही देव जाणे, पण कोण आलंय आणि कोण तापाने घरी पडलंय ते गावाला कळायचं. यांचं उत्तर वेगळं असायचं. "होऽऽ" म्हणून झालं की ते खाकरायचे आणि वर म्हणायचे, "हाव रे बाप्पा, हाव." जणू समोरच्याने शंका काढली होती. मी भाकर घेऊन गेलेली असले की म्हणायची, एवढं घरात हाक मारल्यावर बोलला असता तर संसार सोन्याचा झाला असता.

आता बाकीच्यांची मचानं मोडली. कोणी सौर तारेचं कुंपण घातलं, कोणी बॅटरीवरचा भोंगा आणला. संध्याकाळी बटन दाबायचं आणि घरी जाऊन टीव्ही बघायचा. माझ्याकडे ना तार, ना भोंगा, ना बंदूक. म्हणून यंदा धान पोटरीत आलं तशी मी रोज संध्याकाळी यांच्या मचानावर जाऊन बसू लागले. हातात तेलाचा रिकामा डबा आणि काठी. मुलगी फोनवर रागवायची. मी तिला सांगायचे, घरात बसून तरी कोणाशी बोलणार आहे?

पहिल्याच संध्याकाळी पलीकडच्या वावराच्या बांधावरून, धुऱ्यावरून, हाळी आली. "होऽऽ." शेजारच्या भाऊजींचा आवाज, मी बरोबर ओळखला. यांच्या बरोबरीचा माणूस, दोघांची मचानं समोरासमोर असायची. मला इतकं बरं वाटलं की मीही लाज सोडून "होऽऽ" केलं. बाईमाणसाने कधी हाळी दिली नव्हती. थोड्या वेळाने पुन्हा त्यांची हाळी आली, पुन्हा मी दिली. मग मला वाटलं, एकटे बसलेत, चहा तरी द्यावा. थर्मास घेऊन, साप-किरडू बघत, धुऱ्याधुऱ्याने गेले. तिथे बांबूला बांधलेला भोंगा होता आणि खाली प्लास्टिकने झाकलेली बॅटरी. भोंग्यातून भाऊजी माझ्या तोंडावर "होऽऽ" म्हणाले.

यांना जाळून आल्यावरही मी रडले नव्हते, पाहुणे फार होते. त्या भोंग्यापाशी मात्र मोठ्याने रडले, आणि तशीच परत फिरले. मग राग आला. यंत्राला उत्तर दिलं, हसं झालं, बघायला कोणी नव्हतं म्हणून बरं. चहा मी एकटीनेच प्याले. त्यानंतर रोज भोंगा ओरडला की मी त्याच्यावर कुरघोडी करून डबा बडवायची. डुकरांपेक्षा भोंग्यालाच जास्त हाकलत होते म्हणा ना.

भंडाऱ्याहून आले त्या संध्याकाळी माझ्यात डबा बडवायचंही त्राण नव्हतं. मचानावर पाय सोडून बसले. वारा पडलेला होता. भोंग्यातून भाऊजींची हाळी आली आणि संपली. मग थोडं थांबून, त्याच भोंग्यातून, अगदी बारीक, लांबून दुसरी हाळी आली. मागून खाकरणं. मग, "हाव रे बाप्पा, हाव."

मी जागची हलले नाही. भोंगा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. भाऊजी, मग हे. भाऊजी, मग हे. अंगावर धुकं पडेपर्यंत ऐकत राहिले. एवढे दिवस ते रोज बोलत होते आणि मी वरून डबा बडवत होते.

सकाळी भाऊजींना धुऱ्यावर गाठलं. ते म्हणाले, "वैनी, कायले बसून राहता तुमी थंडीत? अन् त्या भोंग्याले डुक्करं भीतबी नाही आता. उद्या वाघाची डरकाळी भरून आनतो त्यात."

"त्यात तुमचा आवाज कधी भरला होता?"

"मागच्या साली. मचानावर बसूनच भरला मोबाइलात. काहून?"

"संध्याकाळी या. बटन दाबून लगेच घरी जाऊ नका."

ते आले. मचानाखाली उभे राहून त्यांनी ऐकलं. मग डोक्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला. "मले तं मालूमच नोतं," एवढंच म्हणाले. वाघाची डरकाळी त्यांनी नंतर आणली, पण दुसरा भोंगा घेऊन, नाल्याकडच्या बाजूला लावली.

भंडाऱ्याला दुसऱ्यांदा मी एकटीच गेले. जावई आले नाहीत का, असं दुकानदाराने विचारलं. बंदूक मला घ्यायची आहे, मी म्हणाले.

"मंग रायफलीचा अर्ज करू?"

"नाही. ठाण्यातली जुनीच ठेवते. सुटून आली की तीच साफ करून द्या."

"बाई, तुमीच तं म्हनलं होतं, मांगं कोनी नसते म्हून."

"असतात."

"कोन?"

"आमचे हे."

यांच्या मृत्यूच्या दाखल्याची झेरॉक्स त्याच्या समोरच काचेवर पडली होती. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. भला माणूस होता. पेन उचलून म्हणाला, "काडतुसं कोनती लागतीन? डुकरासाठी मोठे छर्रे पाहिजेत. बारीक छर्ऱ्यानं डुक्कर नुसता पळते."

"पळू द्या," मी म्हणाले. "बारीकच द्या. दूर जायला नकोत."